गाडीचा हेडलाइट का बंद पडतो : कारण शोधण्याची क्रमवार पद्धत

पावसाचे पहिले दोन-तीन जोरदार सडाके होऊन गेले की पुण्यातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनांकडे हेडलाइटच्या तक्रारी वाढू लागतात. एक दिवा गेला, दोन्ही दिवे मंद झाले, अप्पर (लांबचा झोत) लागतो पण डिपर (जवळचा, खाली वळलेला झोत) लागत नाही, काचेच्या आत पाणी साचले, अशी त्यांची नाना रूपे असतात. बहुतेक वेळा या सगळ्यांवर एकच उपाय केला जातो आणि तो म्हणजे बल्ब बदलणे. बल्ब बदलला की दिवा लागतो, गाडी घरी येते आणि काही आठवड्यांनी तीच बाजू पुन्हा अंधारी होते. याचे कारण साधे आहे. बॅटरीपासून निघालेला वीजप्रवाह फ्यूज, रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), स्विच, वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लग) आणि होल्डर यांतून बल्बपर्यंत येतो आणि अर्थच्या, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेल्या परतीच्या, वायरीने परत जातो. या वाटेवर कोठेही बिघाड झाला तरी तो दिसतो मात्र बल्बमध्येच. म्हणून बल्ब विकत घेण्यापूर्वी तो का गेला हे शोधणे, हीच या लेखातील पद्धतीची दिशा आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०५ नुसार, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, तसेच पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी, समोरची माणसे आणि वाहने १५५ मीटर अंतरावरून स्पष्ट दिसतील असे दिवे गाडीला लावलेले असले पाहिजेत. जंगली महाराज रस्त्यावर किंवा फर्ग्युसन रस्त्यावर पथदिव्यांचा उजेड इतका असतो की आपला एक हेडलाइट बंद आहे हे चालकाच्या कित्येक दिवस लक्षातही येत नाही. तोच चालक रात्री ताम्हिणी किंवा वरंधा घाटात शिरतो तेव्हा त्याला उणीव कळते. यासाठी एक सवय लावून घ्यावी. सिग्नलला थांबल्यावर पुढच्या गाडीच्या मागच्या भागावर किंवा बंद दुकानाच्या शटरवर आपल्या दोन्ही दिव्यांचे ठिपके पडतात की नाही, हे पाहावे.

तपासणीपूर्वीची तयारी

साधा डिजिटल मल्टिमीटर, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, स्वच्छ सुती किंवा नायट्राइल हातमोजे, वेगवेगळ्या क्षमतेचे चार-सहा ब्लेड फ्यूज आणि गाडीबरोबर मिळालेली मालक-पुस्तिका एवढे साहित्य पुरते. मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत सहज मिळतात, तर बल्ब, होल्डर आणि रिले यांसाठी नाना पेठेतील सुट्या भागांची बाजारपेठ सोयीची आहे. मालक-पुस्तिकेकडे फार कमी लोक पाहतात, पण कोणता फ्यूज कोणत्या दिव्याचा आणि बल्ब कोणत्या प्रकारचा, ही दोन्ही उत्तरे तिच्यात असतात. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा. दिवे नुकतेच चालू असतील तर ते पूर्ण थंड होऊ द्यावेत, कारण हॅलोजन बल्बची काच हात भाजण्याइतकी तापलेली असते.

पहिली पायरी : लक्षण नीट वाचणे

बोनेट उघडण्यापूर्वी एका माणसाला गाडीसमोर उभे करून डिपर, अप्पर, पार्किंग दिवे आणि इंडिकेटर आळीपाळीने लावून पाहावेत. एकाच बाजूचा डिपर बंद आणि बाकी सर्व चालू असेल तर संशय त्या बाजूचा बल्ब, होल्डर, अर्थ किंवा स्वतंत्र फ्यूज यांवर येतो. अनेक गाड्यांत डाव्या आणि उजव्या हेडलाइटला वेगळे फ्यूज असतात, त्यामुळे एका बाजूचा दिवा जाणे म्हणजे बल्बच गेला असे समजू नये. दोन्ही डिपर एकदम बंद झाले आणि दोन्ही अप्पर लागत असतील तर दोन्ही बल्ब एकाच क्षणी जाणे क्वचितच घडते. अशा वेळी रिले, कॉम्बिनेशन स्विच (स्टीअरिंगजवळची दिव्यांची दांडी) किंवा त्यांच्या सामाईक वायरिंगकडे वळावे. मात्र एक डिपर आधीच गेलेला असून कोणाच्या लक्षात आला नव्हता आणि आता दुसरा गेला, असेही होते.

दिवे लागतात पण मंद आहेत, तर प्रश्न व्होल्टेजचा, अर्थचा किंवा काच आणि रिफ्लेक्टरचा आहे. खड्ड्यात गाडी आदळली की दिवा विझतो आणि पुन्हा लागतो, तर लूज काँटॅक्ट आहे. इंजिनाचा वेग वाढवला की उजेड वाढतो, कमी केला की घटतो, तर बॅटरी आणि अल्टरनेटर (इंजिनावर चालून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) तपासावेत. सर्वांत बोलके लक्षण म्हणजे एक दिवा लावला असता भलताच दुसरा दिवा मंद पेटणे, किंवा इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर हेडलाइट फडफडणे. हे जवळजवळ नेहमी अर्थ तुटल्याचे चिन्ह असते, कारण परतीची वाट बंद झालेला प्रवाह शेजारच्या दिव्याच्या तारेतून बाहेर पडण्याचा प्रयत्न करतो.

दुसरी पायरी : बल्ब

आपल्याकडच्या हॅलोजन गाड्यांमध्ये एच-४ हा बल्ब फार प्रचलित आहे. त्यात डिपरची ५५ वॅटची आणि अप्परची ६० वॅटची अशा दोन तारा एकाच काचेत असतात. काही गाड्यांत डिपरला एच-७ किंवा एच-११ आणि अप्परला वेगळा बल्ब असतो. बल्ब काढून उजेडात धरला की तुटलेली टंगस्टनची तार बहुधा डोळ्यांना दिसते. काचेचा आतला भाग काळसर झाला असेल तर तार झिजत आली आहे. काचेवर पांढुरका धुरकट थर असेल तर काचेला तडा जाऊन आत हवा शिरली आहे. तार शाबूत दिसली तरी मल्टिमीटरवर सातत्य (तारेतून प्रवाह अखंड जातो का ते) तपासावे, कारण तार कधी कधी बुडाशी, न दिसणाऱ्या जागी, तुटलेली असते.

साध्या हॅलोजन बल्बचे आयुष्य काही शे तासांचे असते आणि ते व्होल्टेजवर विलक्षण अवलंबून असते. तारेला मिळणारे व्होल्टेज ५ टक्क्यांनी वाढले तर आयुष्य साधारण निम्म्यावर येते. म्हणून एकाच गाडीत बल्ब वरचेवर जात असतील तर बल्बच्या कंपनीला दोष देण्याआधी अल्टरनेटरचे व्होल्टेज मोजावे. दुसरे कारण धक्क्यांचे. तापलेली तार मऊ असते आणि तेव्हाच खड्ड्यांचे हादरे बसले तर ती लवकर तुटते. बल्ब होल्डरमध्ये सैल बसला असेल किंवा हेडलाइटची एखादी क्लिप तुटून संपूर्ण संच हलत असेल तर हे नुकसान आणखी वाढते. बंपरला किरकोळ धडक बसल्यानंतर ज्या बाजूचा दिवा सारखा जातो, तेथे बोनेट उघडून हेडलाइट हाताने हलवून पाहावा.

तिसरे कारण बल्ब बसवणाऱ्याच्या बोटांतून येते. हॅलोजन बल्बची काच क्वार्ट्झची असते. तिला उघडे बोट लागले तर त्वचेचा तेलकटपणा तिच्यावर राहतो, त्या जागी काच असमान तापते आणि कमकुवत होते. बल्ब नेहमी धातूच्या बुडाशी धरावा. चुकून बोट लागलेच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसून, सुकवून मगच बसवावा. एच-४ बल्बच्या बुडावर तीन खाचांची रचना असते आणि तो एकाच स्थितीत बरोबर बसतो. जोर लावून तिरका बसवला तर दिवा लागतो, पण उजेड झाडांच्या शेंड्यांवर किंवा समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो.

एका बाजूचा बल्ब वयोमानाने गेला असेल तर दोन्ही बाजूंचे बदलावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दोघांनी सारखेच तास काढलेले असतात आणि दुसराही फार काळ तग धरत नाही. शिवाय एक बाजू पांढरी आणि एक पिवळी असली की रस्त्याचा अंदाज चुकतो. अतिशय प्रखर उजेडाचा दावा करणारे बल्ब त्याच वॅटमध्ये जास्त उजेड देतात, पण त्यांची तार अधिक तापवलेली असल्याने आयुष्य कमी असते. रोज रात्री गाडी चालवणाऱ्याने साधा दर्जेदार बल्ब घेणे परवडते.

तिसरी पायरी : फ्यूज

फ्यूज बॉक्स बहुधा बोनेटखाली बॅटरीजवळ आणि दुसरा डॅशबोर्डच्या खाली असतो. ब्लेड फ्यूजचे रंग ठरलेले आहेत : १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. फ्यूज काढून त्याची आतली पट्टी पाहावी. ती तुटलेली किंवा काळवंडलेली असेल तर त्याच क्षमतेचा नवा फ्यूज घालावा. ५५ वॅटचा एक डिपर साधारण साडेचार ते पाच अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे फ्यूजवर नेहमीचा भार क्षमतेपेक्षा बराच कमी असतो. नवा फ्यूज दिवा लावताक्षणी उडाला तर वाटेत कोठेतरी वायर बॉडीला चिकटून शॉर्ट होत आहे. तेथे १० अँपिअरच्या जागी २० चा फ्यूज घालणे किंवा चांदीच्या कागदाने पट्टी जोडणे म्हणजे फ्यूजऐवजी वायर जाळण्याची सोय करणे होय. गाडीला लागणाऱ्या कितीतरी आगींची सुरुवात अशा 'तात्पुरत्या' जोडणीतून होते, याबद्दल कोणतीही सवलत घेऊ नये.

फ्यूज शाबूत असूनही त्याच्या दोन्ही पायांवर हिरवट गंज किंवा होल्डरच्या पात्यांत सैलपणा असू शकतो. फ्यूजच्या माथ्यावर दोन छोटी धातूची टोके उघडी असतात. दिवे चालू ठेवून दोन्ही टोकांवर टेस्ट लॅम्प लावून पाहावा. दोन्हीकडे लागला तर फ्यूज ठीक आहे असे समजून पुढे जावे.

चौथी पायरी : होल्डर आणि कपलर

या पायरीवर थोडे जास्त थांबणे योग्य ठरेल, कारण जुन्या हॅलोजन गाड्यांतील बिघाडाचा मोठा वाटा येथे सापडतो. बल्बच्या मागे बसणारा तीन पिनांचा होल्डर प्लॅस्टिकचा असतो. त्यातील पात्या कालांतराने सैल होतात, सैल सांध्यावर विरोध वाढतो, विरोधामुळे उष्णता निर्माण होते आणि उष्णतेने पात्या आणखी सैल होतात. हे चक्र सुरू झाले की होल्डर तपकिरी पडतो, मग वितळतो. होल्डर काढल्यावर जळका वास, पिनांभोवती तपकिरी कडा किंवा बल्बच्या एखाद्या पिनेवर काळा डाग दिसला तर नवा बल्ब घालून काहीही साधणार नाही. वितळलेला भाग कापून तेथे सिरॅमिकचा होल्डर बसवावा. वायरींचे सांधे नुसते पिळून चिकटपट्टी लावण्याऐवजी क्रिंप करून किंवा झाळून घ्यावेत आणि त्यांवर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी.

या जळण्यामागे अनेकदा १०० आणि ९० वॅटचे बल्ब असतात. रात्री जास्त उजेड हवा म्हणून ते बसवले जातात. १०० वॅटची तार ८ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह ओढते. मूळ वायर, स्विच आणि होल्डर ५ अँपिअरच्या आसपासच्या भारासाठी बनवलेले असतात. परिणामी होल्डर वितळतो, कॉम्बिनेशन स्विचचे काँटॅक्ट जळतात आणि रिफ्लेक्टरवरील चकाकणारा लेप उष्णतेने करपतो. रिफ्लेक्टर एकदा करपला की नंतर मूळ बल्ब लावूनही पूर्वीचा उजेड परत मिळत नाही. असे बल्ब रस्त्यावरच्या वापरासाठी मान्यताप्राप्तही नाहीत.

दुसरा छुपा दोष म्हणजे हेडलाइटच्या वायरीतून घेतलेल्या अतिरिक्त जोडण्या. फॉग लॅम्प, बंपरमधली एलईडी पट्टी किंवा मोठा हॉर्न बसवताना अनेक ठिकाणी मूळ वायर सोलून तेथूनच वीज घेतली जाते, रिले वापरला जात नाही. गाडी जुनी विकत घेतली असेल तर बोनेटखाली अशा काळ्या टेपच्या गाठी आहेत का, हे आवर्जून पाहावे. प्रत्येक अतिरिक्त दिव्याला स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्यावा.

पाचवी पायरी : व्होल्टेज कोठे गळते ते मोजणे

दिवे मंद असतील तर बल्ब बदलण्यापेक्षा ही मोजणी अधिक उपयोगी आहे. वरच्या मजल्यावरच्या नळाला बारीक पाणी येते तेव्हा तोटी बदलून काही होत नाही, मधला गंजलेला पाइप शोधावा लागतो, तसेच हे आहे. बल्बला मिळणारे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे वाटेत सव्वा-दीड व्होल्ट गळला तरी दिवा डोळ्यांना मरगळलेला दिसतो.

इंजिन चालू ठेवून डिपर लावावा. मल्टिमीटर २० व्होल्टच्या डीसी पट्टीवर ठेवावा. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळे टोक होल्डरच्या मागच्या बाजूने डिपरच्या पुरवठ्याच्या पिनेवर लावावे. होल्डर बल्बला जोडलेलाच असला पाहिजे, कारण भार नसताना गळती दिसत नाही. येथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर पुरवठ्याच्या वाटेत, म्हणजे स्विच, रिले, फ्यूज किंवा वायर यांत, विरोध आहे. आता एक टोक बल्बच्या अर्थच्या पिनेवर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर लावावे. येथे ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी आकडा अपेक्षित आहे. त्याहून बराच जास्त आला तर अर्थ खराब आहे.

अर्थची वायर बहुधा हेडलाइटजवळच बॉडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. पुण्यातील पावसाळ्यात चिखल उडून त्या बोल्टखाली गंज धरतो. अपघातानंतर पत्र्याचे रंगकाम झाले असेल तर ताज्या रंगावरच बोल्ट आवळल्यामुळे स्पर्श नीट होत नाही, असेही आढळते. बोल्ट काढून पत्रा आणि वायरीचा गोल डोळा सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासावा, पुन्हा घट्ट आवळावा आणि वरून डायइलेक्ट्रिक ग्रीस किंवा व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. फक्त एवढ्या कामाने दिवे उजळलेल्या गाड्या थोड्या नाहीत.

एक बारकावा येथे सांगणे आवश्यक आहे. काही गाड्यांत, विशेषतः जपानी पद्धतीच्या वायरिंगमध्ये, पॉझिटिव्ह वायर थेट बल्बपर्यंत येते आणि स्विच निगेटिव्ह बाजूला असतो. अशा गाडीत टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावून तपासले तर निष्कर्ष उलटेसुलटे येतात. म्हणून शंका असेल तेव्हा होल्डरच्या दोन पिनांमध्येच थेट व्होल्टेज मोजावे. तेथे बॅटरीइतके व्होल्टेज मिळूनही दिवा लागत नसेल तर बल्ब किंवा त्याचा स्पर्श सदोष आहे, आणि मिळत नसेल तर दोष मागे आहे.

सहावी पायरी : रिले आणि कॉम्बिनेशन स्विच

दिवे लावताना रिलेचा 'टक' असा आवाज येतो का, हे शांत जागी बोट ठेवून अनुभवता येते. आवाज येत नसेल तर रिलेच्या गुंडाळीला वीज मिळत नाही किंवा गुंडाळी तुटली आहे. आवाज येऊनही दिवा लागत नसेल तर आतले काँटॅक्ट जळलेले असू शकतात. फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा किंवा फॉग लॅम्पचा त्याच क्रमांकाचा रिले असेल तर अदलाबदल करून लगेच उत्तर मिळते. मात्र पिनांची रचना आणि क्रमांक तंतोतंत जुळत असेल तरच हे करावे.

ज्या जुन्या गाड्यांत हेडलाइटला रिलेच नसतो, तेथे सगळा प्रवाह स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. स्विचची दांडी थोडी दाबून धरली की दिवा लागतो, सोडली की जातो, किंवा दांडीजवळ गरम प्लॅस्टिकचा वास येतो, ही जळलेल्या काँटॅक्टची खूण आहे. स्विच बदलावाच लागतो, पण त्याबरोबर रिलेचा संच बसवून मुख्य प्रवाह बॅटरीतून जाड वायरीने आणि फ्यूजमधून थेट हेडलाइटला दिला तर नवा स्विच टिकतो आणि उजेडही वाढतो. गाडी वॉरंटीत असेल तर हे काम अधिकृत सेवा केंद्राला विचारूनच करावे. एअरबॅग असलेल्या गाडीत स्टीअरिंगचे झाकण स्वतः उघडू नये.

सातवी पायरी : बॅटरी आणि अल्टरनेटर

गाडी काही तास बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. नव्या काही गाड्यांतील संगणक-नियंत्रित अल्टरनेटरमध्ये तो मुद्दाम कमी-जास्त केला जातो, म्हणून एका क्षणाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. मात्र आकडा सतत १५ च्या वर राहत असेल तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) बिघडला आहे आणि तो बल्बच काय, बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक भागही खराब करतो. आकडा १३ च्या खाली रेंगाळत असेल तर पट्टा सैल आहे का, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा किंवा निळसर थर साचला आहे का, हे आधी पाहावे.

पाणी

हेडलाइटच्या आत दिसणारे पाणी दोन प्रकारचे असते आणि त्यांत फरक करता आला पाहिजे. थंडीच्या सकाळी किंवा गाडी धुतल्यावर काचेच्या आतून पातळ धुके धरणे आणि दिवे अर्धा तास चालवल्यावर ते नाहीसे होणे, हे स्वाभाविक आहे. हेडलाइटला हवा खेळण्यासाठी मुद्दाम छिद्रे ठेवलेली असतात. पण थेंब ओघळत असतील, तळाशी पाणी साचले असेल किंवा धुके दोन-तीन दिवस हटत नसेल तर पाणी बाहेरून शिरत आहे.

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे बल्ब बदलल्यावर मागची रबराची टोपी किंवा झाकण नीट न बसवणे. त्यानंतर हवेची छिद्रे चिखलाने बुजणे, काच आणि खोक्यामधले सील सुकणे आणि बारीक तडा ही कारणे येतात. गाडी धुण्याच्या केंद्रावर जोरदार फवारा इंजिनाच्या भागात थेट मारला जातो, त्याने कपलरच्या आत पाणी घुसते आणि काही दिवसांनी पिनांवर हिरवा थर चढतो. फवारा हेडलाइटच्या मागच्या बाजूला मारू नका, असे धुणाऱ्याला आधीच सांगावे.

पाणी शिरलेला हेडलाइट काढून, मागची झाकणे उघडून, हवेशीर सावलीत किंवा मंद उन्हात सुकवावा. ओव्हनमध्ये ठेवू नये आणि घाईने हेअर ड्रायर जवळ धरू नये, त्याने प्लॅस्टिक वाकते. गळतीची जागा सापडल्यावर तेथेच सीलंट लावावा. अनेक जण सगळीकडे सिलिकॉन फासतात आणि हवेची छिद्रेही बुजवतात, मग आतली वाफ बाहेर जायला वाट उरत नाही.

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे नियम वेगळे आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर किंवा जुलै २०२४ मध्ये मुठेच्या पाण्यात बुडालेली सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पुणेकरांना आठवत असेल. अशा पाण्यातून बाहेर काढलेली गाडी सुरू करून दिवे लागतात का हे पाहू नये. शक्य असेल तर बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे आणि प्रत्येक कपलर उघडून, स्वच्छ करून, सुकवून मगच वीज द्यावी. पुराच्या पाण्यातला गाळ पिनांवर राहिला तर दिवे आज लागतात आणि दोन महिन्यांनी एकेक करून जातात.

उंदीर आणि घुशी

सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा कचराकुंडीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे कारण फार आढळते. इंजिनाच्या उबेला उंदीर येतात आणि हेडलाइटकडे जाणाऱ्या बारीक वायरी सहज कुरतडतात. काल सगळे ठीक होते आणि आज अचानक एका बाजूचे सर्व दिवे बंद, अशी तक्रार असेल तर बोनेटखाली लेंड्या, तुकडे झालेला स्पंज किंवा कुरतडलेले इन्सुलेशन शोधावे. वायर जोडल्यावर तिच्यावर कठीण नळी चढवावी, गाडी आठवडेच्या आठवडे एकाच जागी उभी ठेवू नये आणि गाडीत खाद्यपदार्थ ठेवू नयेत. बाजारात मिळणारे फवारे काही दिवस उपयोगी पडतात, पण ते वारंवार मारावे लागतात.

काच पिवळी पडणे

सर्व विद्युत मोजण्या ठीक येऊनही उजेड कमी असेल तर काचेकडे पाहावे. आजकालची 'काच' पॉलिकार्बोनेटची असते आणि तिच्यावरचा अतिनील किरणांपासून वाचवणारा लेप उन्हाने झिजला की ती पिवळी आणि खरखरीत होते. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे लवकर होते. पाण्यासह ८००, मग १५००, मग ३००० क्रमांकाच्या सँडपेपरने क्रमाने घासून, पॉलिश करून, शेवटी अतिनील-रोधक लेप दिला तर काच पुन्हा पारदर्शक होते. हा शेवटचा लेप वगळला तर काही महिन्यांत पिवळेपणा परततो. टूथपेस्टने घासण्याचा घरगुती उपायही याच कारणाने टिकत नाही.

एलईडी आणि झेनॉन दिवे

कंपनीतूनच एलईडी हेडलाइट आलेल्या गाडीत बिघाड बहुधा एलईडीच्या ड्रायव्हर सर्किटमध्ये, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पंख्यात किंवा ओलाव्यामुळे होतो. एलईडी स्वतः दीर्घायुषी असली तरी तिला उष्णता सोसत नाही. यातील बहुतेक संच बंद असतात आणि संपूर्ण हेडलाइट बदलण्याचा खर्च मोठा असतो. म्हणून आधी फ्यूज, कपलर आणि अर्थ तपासून घ्यावा आणि ड्रायव्हर वेगळा बदलता येतो का, हे विचारावे. झेनॉन दिव्यात बल्ब पेटवताना हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. त्याचा बॅलास्ट किंवा इग्नायटर घरी उघडू नये. झेनॉनचा उजेड गुलाबी-जांभळा होत गेला तर बल्बचे आयुष्य संपत आले आहे.

हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये बाजारातला एलईडी बल्ब घालण्याची प्रथा मात्र मला अजिबात मान्य नाही. रिफ्लेक्टरची प्रत्येक वक्रता हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेवरून मोजून आखलेली असते आणि वेताळ टेकडीवरील एआरएआयसारख्या (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) वाहन-चाचणी संस्थेत हेडलाइटची चाचणी होते ती ठरलेल्या प्रकारच्या बल्बसह. त्या जागी वेगळ्या आकाराचा प्रकाशस्रोत आला की गाडीजवळचा रस्ता झगझगीत दिसतो, लांबचा रस्ता अंधारतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. शिवाय मागचा पंखा टोपीत मावत नाही म्हणून टोपी उघडी ठेवली जाते आणि पावसाळ्यात पाणी शिरते.

दुरुस्तीनंतर दिव्यांची दिशा तपासणे

बल्ब, होल्डर किंवा संपूर्ण हेडलाइट बदलल्यावर हे काम टाळू नये. टायरमध्ये योग्य हवा भरून, चालकाच्या जागी कोणाला तरी बसवून, गाडी सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मीटरवर सरळ उभी करावी. डॅशबोर्डवर दिव्यांची उंची बदलणारे चक्र असेल तर ते शून्यावर ठेवावे. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर आडवी टेप लावावी. डिपरच्या उजेडाची वरची कड या टेपच्या साधारण १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे, म्हणजेच एक टक्का उतार. अनेक हेडलाइटच्या खोक्यावर अपेक्षित टक्केवारी छापलेली असते, ती वेगळी असेल तर तीच मानावी. आपल्याकडे वाहतूक डावीकडून असल्यामुळे कड डाव्या बाजूला थोडी वर चढलेली दिसते, तो दोष नव्हे. उंची आणि दिशा बदलण्यासाठी हेडलाइटच्या मागे दोन स्क्रू असतात. ते अर्धा-अर्धा फेरा फिरवून परिणाम पाहत जावे.

रात्री वाटेत दिवा गेला तर

दिवस असताना वरील सर्व पायऱ्या शांतपणे करता येतात, पण दिवा जातो तो बहुधा रात्रीच. खंबाटकी किंवा दिवे घाटात डिपर एकदम गेला तर आधी अप्पर लावून पाहावा. तो लागला तर त्याच्या उजेडात वेग कमी करत सुरक्षित जागा गाठावी, मात्र समोरून वाहन आल्यास थांबण्याची तयारी ठेवावी. दोन्ही गेले तर हॅझर्ड दिवे लावून गाडी रस्त्याच्या कडेला, वळणापासून दूर घ्यावी आणि प्रतिबिंबित करणारा त्रिकोण मागे ठेवावा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरील आकृती पाहून हेडलाइटचा फ्यूज तपासावा. जवळ सुटा फ्यूज नसेल तर तात्पुरत्या गरजेपुरता त्याच क्षमतेचा कमी महत्त्वाचा फ्यूज, उदाहरणार्थ सिगारेट लायटरचा, क्षमता जुळत असेल तर काढून वापरता येतो. वायपरच्या फ्यूजला पावसात हात लावू नये. फक्त एका बाजूचा दिवा चालू असेल आणि बंद पडलेली बाजू उजवी असेल, तर समोरून येणाऱ्याला आपली गाडी दुचाकीसारखी दिसते आणि तो तिच्या उजव्या कडेचा अंदाज चुकवतो. दोन्ही बल्ब एकाच प्रकारचे असतील तर डावीकडचा चालू बल्ब थंड झाल्यावर उजव्या बाजूला बसवून जवळच्या वस्तीपर्यंत सावकाश जावे आणि सकाळी दोन्ही बाजूंचे होल्डर उघडून पाहावेत.